दहा राग, तीन यंत्रं : एका श्रवणसत्राच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५

काम ठरलं. जुलैच्या शेवटच्या शनिवारी आमच्या श्रवणमंडळात चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड ऐकवायची आणि मध्ये मध्ये थांबून बोलायचं. जमणारी मंडळी दोन तऱ्हेची. बरेचसे आयुष्यभर ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत आलेले, आणि काही तरुण मुलंमुली लॅपटॉपवर स्वतःचं संगीत करणारी. एरवी ही माणसं एका सत्राला येत नाहीत. या रेकॉर्डवर दोघांचाही हक्क आहे, म्हणून ती निवडली.

हकिकत अशी. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवला. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन नवीकोरी यंत्रं घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. रेकॉर्ड ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे आपल्या एचएमव्हीने काढली. ती खपली नाही आणि विसरली गेली. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात तिची प्रत मिळाली. त्याने चरणजितजींना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवरून ती पुन्हा प्रकाशित केली.

तेव्हापासून जगभर एकच वाक्य फिरतं आहे : शिकागोच्या ॲसिड हाउसच्या, म्हणजे तिथल्या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताच्या, पाच वर्षं आधी ते मुंबईत जन्मलं. मला या वाक्यापासून सुरुवात करायची नाही. रेकॉर्डच्या नावात आधी राग आहेत. रागांच्या बाजूने ती ऐकली तर काय मिळतं, ते या कामात पाहायचं आहे.

११ जून

पुनर्प्रकाशित आवृत्ती हेडफोनवर, अंधार करून, सलग. मध्ये काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते पाळलं. आता आठवणीतून लिहिते.

दहा राग : भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येकी साधारण पाच मिनिटं. प्रहरांचा क्रम शेवटपर्यंत पाळलेला नाही. पहाटेच्या दोन रागांनंतर एकदम रात्रीची भूपाळी येते, आणि मग पुन्हा सकाळची तोडी. माझ्या कानाला तो धक्का बसला, पण दोन-तीन रागांनंतर लक्षात आलं की रेकॉर्ड ठेक्याच्या जोरावर सलग चालते आणि वेळेचा बदल सुरांच्या रंगातून आपोआप कळतो.

पहिल्याच भैरवात यंत्राच्या आवाजात ‘ॐ नमः शिवाय’ येतं. हे व्होकोडरचं काम. माणूस बोलतो, त्याच्या उच्चारांचा आकार यंत्र घेतं आणि तो सिंथेसायझरच्या सुरावर चढवतं. भैरव हा शंकराचा राग, म्हणून हा मंत्र. रागाचं दैवत कोणतं हे माहीत असलेल्या माणसाने केलेली रेकॉर्ड आहे, हे पहिल्या मिनिटातच कळतं.

रचना सगळ्या रागांत जवळपास एकच : खाली ठेका, मध्ये वेटोळी घेत राहणारा बेस, वर घरंगळत जाणारी सुरावट. ना तबला, ना तानपुरा, ना दुसरा वादक.

१४ जून

यंत्रांविषयी टिपण. सत्रात हे दहा मिनिटांत सांगून टाकायचं.

ज्युपिटर-८ : १९८१ मध्ये आलेला मोठा कीबोर्ड, एका वेळी आठ सूर वाजवणारा. अमेरिकेत किंमत पाच हजार डॉलरच्या वर. वरची सुरावट यावरची. टीआर-८०८ : १९८० मधलं तालयंत्र. यातले आवाज ध्वनिमुद्रित केलेले नाहीत, इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून तयार होतात. आणि टीबी-३०३ : १९८१ च्या अखेरीस आलेली छोटी रुपेरी पेटी, एका वेळी एकच सूर काढणारी. ताडाओ किकुमोतो या रोलंडच्या अभियंत्याने ती बनवली. एकट्या गिटारवादकाला घरी सरावासाठी बेसची साथ मिळावी, हा तिचा उद्देश. आवाज खऱ्या बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, त्यामुळे ती चालली नाही आणि काही वर्षांतच उत्पादन बंद झालं. पडत्या किमतीला मिळू लागलेली ही पेटी शिकागोच्या तरुणांच्या हाती लागली आणि १९८७ मध्ये फ्यूचर या त्रिकुटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं.

तारखा शेजारी शेजारी मांडल्या की एक गोष्ट दिसते. १९८२ मध्ये ३०३ बाजारात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. तिच्यावर काय वाजवायचं याचा कित्ता कुणीच घालून दिलेला नव्हता. चरणजितजींनी नंतर मुलाखतीत सांगितलं की तेव्हा हिंदी सिनेमात डिस्कोचा जोर होता, आणि तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत असं त्यांच्या मनात आलं. घरी सराव केला, बरं वाटलं, मग ध्वनिमुद्रण. ‘कुर्बानी’ १९८० चा, ‘डिस्को डान्सर’ १९८२ च्या डिसेंबरातला. लाट ऐन भरात होती.

आणखी एक : यंत्रांना एकमेकांशी जोडणारी मिडी पद्धत १९८३ मध्ये आली. त्याआधी रोलंडची ही यंत्रं सिंक केबलने एका ठेक्यावर बांधली जायची. लॅपटॉपवाल्या मुलांना हे नक्की सांगायचं, कारण त्यांच्याकडे ही बांधणी आयती येते.

१९ जून

तबला वाजवणारा मित्र संध्याकाळी आला होता. त्याला कलावती आणि मालकंस ऐकवले. पहिला प्रश्न : “अगं, खाली कुठंय?”

खाली, म्हणजे आवर्तनाची हलकी बाजू, इथे नाहीच. ८०८ चा मोठा ढोल प्रत्येक ठोक्यावर पडतो. तीनतालात नवव्या मात्रेला डग्गा उठतो, बोल हलके होतात आणि त्यामुळे समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, ओढ लागते. इथे प्रत्येक ठोका भरीचा. मित्र म्हणाला, “सम म्हणजे परत येणं. हा ठेका कुठं गेलाच नाही, तर परत कसा येणार?” हे वाक्य सत्रात त्याच्याच तोंडून यायला हवं. त्याला बोलावलं आहे.

मग आम्ही एक हिशेब मांडला. ८०८ आणि ३०३, दोन्हींत १६ घरं, म्हणजे ठोके किंवा सूर भरायच्या जागा, असतात. तीनतालाच्याही मात्रा १६. हे साम्य ऐकणाऱ्याला लगेच भुरळ घालतं, पण ते कागदावरच राहतं. ठेका मिनिटाला १२० धरला तर १६ घरांचं आवर्तन दोन सेकंदांत संपतं. म्हणजे मिनिटाला ४८० मात्रा. अतिद्रुत तीनतालात सतारीचा ‘झाला’ हा शेवटचा जलद भाग ऐन रंगात असतानाही मात्रा एवढ्या वेगाने मोजणं कठीण. ही १६ घरं म्हणजे खरं तर चार ठोके आणि प्रत्येकाची चौगुन, एका ठोक्यात चार. मित्राने मांडीवर वाजवून दाखवलं : केरवा धरला तर सगळं नीट बसतं. डिस्को आपल्याकडे एवढ्या सहज का रुजला, याचंही एक कारण त्यात असावं. केरवा कानात आधीपासून होताच.

त्याला आवडलेली गोष्ट वेगळीच. ८०८ मधले टाळीचे आणि घंटेसारखे आवाज सुरावटीच्या मधल्या जागा भरतात, सुरावटीवर चढत नाहीत. “साथ कशी करायची हे माहीत असलेल्या माणसाने लावलेलं मशीन आहे,” असं म्हणाला.

२२ जून

आजचा पूर्ण दिवस भूपाळीवर, म्हणजे भूपावर. माझ्याकडे मूळ ३०३ नाही, तिची नक्कल असलेली बेहरिंगरची टीडी-३ आहे. घरं, बटणं आणि चाल तीच. मूळ रेकॉर्डमधली ओळ हुबेहूब उतरवायची नव्हती. ३०३ वर राग बसवताना माणसाला कोणते निर्णय घ्यावे लागतात, ते हाताने करून पाहायचं होतं.

ओळ अशी बांधली : सा, विराम, सा, ग, रे, ग, विराम, प, ग, विराम, ध, प, ग, रे, सा, मंद्र ध. सोळा घरं भरली.

या पेटीत सूर आणि लय वेगवेगळ्या भरतात. आधी सगळे सूर एकापुढे एक द्यायचे, मग दुसऱ्या फेरीत कोणत्या घरात सूर वाजेल, कुठे लांबेल, कुठे गप्प बसेल ते द्यायचं. आपण सरगम तालासकट शिकतो, हातावर टाळी देत. त्यामुळे लय काढून टाकलेले सूर बोटांनी दाबताना फार परकं वाटतं. पण फायदाही होतो. लय बदलून पाहिली की तेच सूर नवीन ठिकाणी पडतात, आणि कुठल्या ठिकाणी भूप टिकतो, कुठे मोडतो, ते लगेच ऐकू येतं.

खरी गंमत ॲक्सेंटच्या बटणात आहे. ॲक्सेंट दिलेला सूर मोठा होतोच, शिवाय त्या घरात फिल्टर, म्हणजे आवाजातली धार कमीजास्त करणारी चाळणी, जास्त उघडतो आणि सुराला धार येते. भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). मी नवव्या आणि तेराव्या घरातल्या गंधारावर ॲक्सेंट दिला. भूप उभा राहिला, शंकाच नाही. मग तेच सूर, तीच लय, फक्त ॲक्सेंट काढून अकराव्या आणि सोळाव्या घरातल्या धैवतावर. ओळ लगेच डळमळली. पूर्ण देशकार झाला असं म्हणणार नाही. त्यासाठी उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, जावं लागतं, गंधारावर रेंगाळणं टाळावं लागतं. पण भूप मात्र राहिला नाही. शाळेत वादी-संवादी पाठ केले होते. वादी म्हणजे नेमकं काय, ते आज एका बटणाच्या फरकाने कानावर आलं. सत्रात हे प्रात्यक्षिक करायचंच.

आठव्या घरातल्या पंचमावर स्लाइड लावली. तिथून पुढच्या गंधारावर सूर घसरत येतो. प-ग ही भूपाची ओळखीची जागा, तिथे स्लाइड शोभते. पण या स्लाइडचा वेळ ठरलेला आहे. अंतर लहान असो वा मोठं, घसरायला तेवढाच क्षण. मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकताना, वाटेतल्या प्रत्येक बिंदूवर वादकाचा ताबा असतो : कुठे रेंगाळायचं, कुठे सुटायचं. ३०३ ची स्लाइड मींडेपेक्षा सरोदच्या झटपट घसीटीजवळ जाते. म्हणूनच खालच्या ओळीत घसीट ठेवून रागाचा विस्तार वरच्या कीबोर्डला दिला, ही चरणजितजींची कामाची वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. ज्युपिटरवर पोर्टामेंटोचा, म्हणजे सुरावरून सुरावर सरकण्याचा, वेग कमीजास्त करता येतो आणि डाव्या हाताशी सूर वाकवायची दांडी असते.

२८ जून

बाईंकडे गेले होते. ज्यांच्यापाशी मी राग शिकले त्यांना न ऐकवता सत्र करणं शक्यच नव्हतं. स्पीकर घेऊन गेले. भैरव संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या :

“रिषभ-धैवत बसवलेत, झुलवले नाहीत.”

नेमकी हीच अडचण. भैरवाचे कोमल रे आणि ध आंदोलित असतात. गाताना तो रिषभ हार्मोनियमच्या काळ्या पट्टीपेक्षा जरा खाली असतो आणि संथ हेलकावे घेतो. ज्युपिटरच्या पट्ट्या समान अंतरावर बांधलेल्या. यंत्रात सूर हलवायची सोय आहे, पण ती ठरलेल्या गतीने हलवते, त्यातून कंप मिळतो. आंदोलन दरवेळी वेगळं, सुराच्या वजनाप्रमाणे. ते दांडीवर हातानेच काढावं लागतं, आणि एवढ्या जलद ठेक्यात सूर तेवढा वेळ थांबतच नाही. मी बाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग मालकंस लाव.”

मालकंस त्यांना पटला. दोनदा लावायला सांगितला. “ह्याला थांबायचं कुठं ते कळतंय. मध्यमावर येतो, बघ.” यमनाला “चाल बरी आहे” एवढंच. तोडी अर्ध्यात थांबवायला सांगितली. तोडीतला गंधार त्या गळ्यात ज्या ठिकाणी लावतात तो पट्टीवर नाहीच, त्यामुळे त्यांना ते ऐकवेना. मी वाद घातला नाही. त्यांच्या कानाला जे दुखतं ते खरंच आहे.

पण घरी येताना पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, विचार डोक्यात होता. समान पट्ट्यांवर राग बसतो का, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत. त्याच काळात गोविंदराव टेंब्यांच्या वादनाची कीर्ती ऐकत, नाटकाच्या पिटात आणि घरोघरी, आपल्या लोकांचे कान पेटीवरच तयार होत होते. हार्मोनियमवादक विद्याधर ओकांनी पुढे बावीस श्रुतींची, म्हणजे सूक्ष्म सुरांची, पेटी बनवली, म्हणजे ही तळमळ अजून संपलेली नाही. बाई स्वतः पेटीच्या साथीनेच गातात. पेटीची मर्यादा त्यांनी मान्य केलेली आहे, कारण पेटी गाण्यामागे चालते. इथे मागे चालायला गाणं नाही, यंत्रच पुढे आहे. फरक तिथे पडतो.

आज एक गोष्ट उलगडली. दहांतले पाच राग औडव आहेत : भूपाळी, मेघ, कलावती, मालकंस, बैरागी. पाच सुरांचे, सरळ चालीचे, सूक्ष्म श्रुतींवर कमी अवलंबून असलेले. रेकॉर्डवर मला सर्वांत पक्के वाटतात ते यातलेच. दरबारी कानडा घेतलेला नाही. त्याचा गंधार या यंत्रांच्या हाती देणं धाडसाचं झालं असतं. निवड विचारपूर्वक आहे असं माझं मत.

५ जुलै

पाऊस. मेघमल्हार ऐकला, नोंद करण्यासारखं थोडंच. मध्यमावरून रिषभावर येणारी मींड हा मेघाचा प्राण, आणि पोर्टामेंटोने ती बऱ्यापैकी साधते. चरणजितजी २०१५ च्या जुलैतच गेले. त्याआधी सत्तरी ओलांडल्यावर युरोपात जाऊन त्यांनी हे संगीत रंगमंचावर वाजवलं होतं. मूळ रेकॉर्ड खपली नव्हती तेव्हा जे मिळालं नाही ते थोडं तरी डोळ्यांदेखत मिळालं, याचं मला मनापासून बरं वाटतं.

९ जुलै

सत्राचा मुख्य भाग आज कागदावर उतरला. शिकागोचा प्रश्न टाळून चालणार नाही, मुलं तो विचारणारच. तेव्हा उत्तर नीट मांडते.

पाश्चात्त्य डिस्कोचा बेस कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, बदलत चालतो. कॉर्ड बदलला की बेसचा मूळ सूर बदलतो, आणि गाणं एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन परत येतं. रागात कॉर्ड नाहीत. सा अढळ. सगळी हालचाल त्या एका सा भोवती. साहजिकच चरणजितजींनी ३०३ भरताना बेसला जागा बदलायचं कारणच दिलं नाही. तो एकाच षड्जावर (सा), रागाचेच सूर घेऊन वेटोळी घालत राहतो. म्हणजे तानपुऱ्याचं काम त्याने घेतलं, आणि वर लयही सांभाळली.

शिकागोच्या मुलांनी १९८७ च्या आसपास हेच केलं, पण दुसऱ्या वाटेने. त्यांनी ३०३ ची एक ओळ चालू ठेवली आणि फिल्टरच्या खुंट्या फिरवत राहिले. सूर तेच, आवाजाचा रंग मिनिटागणिक बदलता. तिथेही कॉर्ड गळून पडले. दोन्हीकडे एकच मूळ सूर, एकच न थांबणारी ओळ, एकच पेटी. ऐकायला सारखं वाटणार हे उघड आहे.

पण दोन्हींचं लक्ष वेगवेगळ्या ठिकाणी आहे. ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये ३०३ हाच नायक. मुंबईच्या रेकॉर्डवर ३०३ साथीला आहे, नायक वरचा राग. शिकागोमध्ये आवाजाचा पोत उलगडत जातो, इथे सुरावट. शिकागोच्या कुणी ही रेकॉर्ड ऐकली होती असं म्हणायला काही आधार नाही, आणि चरणजितजींनाही ॲसिड हाउस नावाचं काही करायचं नव्हतं. तेव्हा ‘आधी आम्ही’ या बढाईला माझ्या सत्रात जागा नाही. ती बढाई मारली की रेकॉर्डचं सगळं मोल शिकागोच्या मापाने ठरतं. यंत्राची वेटोळी आणि रागाचा षड्ज एकमेकांना इतके का मानवतात, हे एका मुंबईकर वादकाने कुणी न सांगता ओळखलं. मोठेपण असेल तर त्यात आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे पंचम नसलेले राग. ललतात पंचम नाही, मालकंसात नाही. बेस गिटारवाल्याचं बोट सवयीने षड्जावरून पंचमाकडे जातं, डिस्कोत तर हमखास. ललतात तिकडे गेलात की राग संपला. तानपुराही अशा वेळी पंचमाऐवजी मध्यमावर लावतात. ललतात तर शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. त्या जागेसाठी ललतचं पहिलं मिनिट सत्रात पुन्हा पुन्हा ऐकवायचं, आणि शेजारी मध्यमावर लावलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा. सा जुळवून घ्यावा लागेल.

१३ जुलै

पुनर्प्रकाशनानंतर काहींना ही रेकॉर्ड बनावट वाटली होती : आजच्या कुणा कलाकाराने जुन्या भारतीय नावाआड केलेली. मुंबईच्या स्टुडिओंचा इतिहास माहीत असता तर हा संशय आलाच नसता. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकातच चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणला होता. त्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने मूगचा स्टुडिओ उभारला आणि तिथे भारतीय रचनाकारांनी काम केलं. खुद्द चरणजितजींचा हात आपण न जाणता ऐकलेला आहे : ‘दम मारो दम’मधला घुमत राहणारा ट्रान्झिकॉर्डचा (अकॉर्डियनसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) सूर त्यांचा. एक सूर धरून ठेवणं म्हणजे काय, ते दहा वर्षं आधीच त्यांच्या बोटांत होतं.

स्टुडिओतल्या वादकांची नावं त्या काळी तबकड्यांवर क्वचितच छापली जायची. संगीतकाराचं, गायकाचं, गीतकाराचं नाव, वाद्यवृंद निनावी. त्यातल्या एकाने स्वतःच्या नावावर सगळी वाद्यं एकट्याने वाजवून दहा राग काढले. हा भाग सत्रात वेळ देऊन सांगायचा. इथे घाई नको.

२० जुलै

जागेवर जाऊन स्पीकर पाहिले. तिथले लहान स्पीकर चालणार नाहीत. ८०८ च्या मोठ्या ढोलाचा खर्ज पन्नास हर्ट्झच्या आसपास असतो. तो गेला की वरची टकटक तेवढी उरते आणि ज्येष्ठ मंडळींना ती नुसती बोचते. मुलांपैकी एकजण सबवूफर आणणार आहे. आवाज बेताचा, खर्ज मात्र पूर्ण.

ऐकवायचा क्रम रेकॉर्डप्रमाणे ठेवत नाही. कलावती आधी, कारण तिथे कुणाचीच तक्रार नसेल. मग भूपाळी आणि टीडी-३ चं प्रात्यक्षिक, मग मालकंस, ललत. भैरव शेवटी, सगळ्यांचे कान तयार झाल्यावर. तोडी लावणार आहे, बाईंना आधी सांगून.

२७ जुलै

काल सत्र झालं. ठरवल्यापेक्षा बरंच लांबलं, आणि ते लांबवणारे ज्येष्ठच होते.

भूपाचं प्रात्यक्षिक सर्वांत चाललं. ॲक्सेंट गंधारावरून धैवतावर नेला तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या तोंडून एकाच वेळी “नाही नाही” निघालं. लॅपटॉपवाल्या मुलांनी चमकून मागे पाहिलं. त्यांच्या दृष्टीने एक बटण इकडचं तिकडे झालं होतं. एका मुलीने विचारलं, “म्हणजे सूर तेच असले तरी तुम्हाला चुकीचं वाटलं?” त्यावर पाऊण तास चर्चा. एका आजोबांनी देशकार गुणगुणून दाखवला, तिने तो फोनवर घेतला आणि तिथेच धैवताभोवती नवी ओळ भरून पाहिली.

मित्राने खालीबद्दलचं बोलणं केलं, मांडीवर ठेका धरून. एका मुलाने उलट बाजू मांडली : नाचणाऱ्याला सम नकोच असते, न संपणं हवं असतं. मित्राने मान्य केलं आणि म्हणाला, भजनी ठेकाही रात्रभर असाच चालतो. हे मला सुचलं नव्हतं. टिपून ठेवलं.

ललत आणि मध्यमाचा तानपुरा एकत्र लावले तेव्हा खोली अगदी स्थिर झाली. बेस तानपुऱ्याशी भांडत नव्हता. तोडीला दोघं बाहेर जाऊन उभे राहिले, अपेक्षित होतं. बाई बसून राहिल्या. भैरव संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर रिषभ कसा झुलतो ते गाऊन दाखवलं. आणि सबवूफर आणणाऱ्या मुलाला विचारलं, “हे तुझ्या मशीनला शिकवता येईल का रे?” तो म्हणाला, “हल्लीच्या सिंथेसायझरवर प्रत्येक सूर वेगळा लावता येतो, बाई. झुलवणं मात्र हातानेच करावं लागेल.”

पुढचं काम ठरलं आहे. बाई बैरागी गाणार : सा, कोमल रे, मध्यम, पंचम, कोमल नी. ठेका मिनिटाला ९० च्या वर जाणार नाही, ही त्यांची अट. मुलं दोन ओळी भरून आणणार, त्यातली कोणती ठेवायची ते बाई ठरवतील. तबल्याचा मित्र ८०८ च्या आवाजांतून खाली-भरी असलेला ठेका बांधून पाहतो आहे. मी बैरागीचं चलन, म्हणजे त्यातल्या सुरांची चाल, स्वरलिपीत लिहून सोमवारपर्यंत सगळ्यांना पाठवायचं आहे.